कमरेएवढं खाली

"कुठं सापडलं?" त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, "छतात." गेल्या उन्हाळ्यात आमचं गावाकडचं जुनं घर पाडलं. पाडायलाच झालं होतं, मागच्या भिंतीने पोट सोडलं होतं आणि दोन पावसाळे आत कुणी झोपत नव्हतं. जेसीबीने माळवदाला हात लावला आणि तुळया कडाकडा मोडत खाली आल्या, त्यांच्यामागनं मातीचा असा लोट उठला की आम्ही सगळे पदर, रुमाल तोंडाला लावून ओढ्यापर्यंत मागं आलो. धुरळा बसल्यावर मी उगाचच त्या ढिगाऱ्यात फिरत होते, आजीचं एखादं भांडं, दाराची कडी, काहीतरी मिळेल म्हणून, तर पायाखाली एक खापर आलं. तळहाताएवढं, पातळ, भाजल्या विटेपेक्षा जरा उजळ तांबूस, आणि त्यावर काळ्या रंगात तीन आडव्या रेघा, रेघांच्या वर तिरप्या रेघांची जाळी. आमच्या घरातल्या कुठल्याच मडक्याला असली नक्षी कधी नव्हती. पुण्याला आल्यावर ते दोन महिने माझ्या टेबलावर पडून होतं आणि मग ओळखीतून एका ताईंकडे घेऊन गेले, त्या पुरातत्त्व शिकवतात. त्यांनी ते हातात घेतलं, कड बघितली, नखाने टिचकी मारली. काचेच्या पेल्यावर मारावी तसा टण्ण आवाज आला. त्यांचा चेहरा एकदम फुलला, म्हणाल्या, "जोर्वे! तीन हजार वर्षांपूर्वीचं!" मग विचारलं कुठं सापडलं, मी छत म्हटलं, आणि फुललेला चेहरा हळूहळू मिटत गेला. रागावल्या नाहीत अजिबात. खापर माझ्या तळहातावर परत ठेवलं आणि म्हणाल्या, "फार सुंदर आहे. पण थर गेला ना याचा. आता मी याला काही विचारू शकत नाही."

ते शेवटचं वाक्य मला बरेच दिवस झोपू देईना.

माळवदाचं घर ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तुळया, त्यावर आडव्या लाकडांची दाटी, त्यावर तरवडाचा नाहीतर निंबाचा पाला आणि पाल्यावर हातभर माती. ही माती कुठलीही चालत नाही. शेतातली काळी टाकली तर उन्हाने भेगाळते आणि पहिल्याच पावसात घरभर धारा लागतात. माळवदाला लागते ती पांढरी, म्हणजे पांढरीतली. आमच्याकडे गावाची जमीन दोनच रंगांत मोजायची, काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती, जिथे माणसं राहिली ती जागा. पिढ्यान्‌पिढ्या चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंती, जनावरांचा गोठा, सगळं एकात एक मुरून ती माती फिकट होते, चिकट होते आणि पाणी धरून ठेवते. त्यामुळे रानात मधेच काळ्या जमिनीत पांढरं टेकाड दिसलं की कुणीही जुनं माणूस सांगणार, इथं पूर्वी गाव होतं. आमच्याही गावाबाहेर ओढ्यापल्याड असं टेकाड आहे, प्रवरेच्या अंगाला. दर वर्षी मृगाच्या आधी बायका पाट्या घेऊन तिकडे जायच्या, माती आणायच्या, माळवदावर पसरून पाणी मारून धोपटून बसवायच्या. मी लहानपणी आजीबरोबर गेल्याचं मला आठवतंय. त्या मातीचा वास काळ्या मातीसारखा नसतो, कोमट राखेसारखा असतो, कोरडा, आणि हात धुतले तरी बोटांच्या पेरांत राहतो. म्हणजे मी ज्या छताखाली वाढले ते छत तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी घराचं होतं, आणि ही गोष्ट आजीला नुसत्या मातीच्या रंगावरून माहीत होती.

ताईंचं वाक्य डोक्यात घोळायला लागल्यावर मी वाचायला लागले. मला वाटायचं आपल्याकडचं पुरातत्त्व म्हणजे लेणी. अजिंठा, वेरूळ, कार्ले. आणि सुरुवात झालीही तशीच, जे दगडात होतं, उभं होतं, ज्याच्यावर अक्षरं होती तिकडे आधी नजर गेली. इंग्रजांच्या काळातल्या बर्जेस साहेबाने लेण्यांची मोजमापं घेतली, नकाशे काढले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाटापासून ठिकठिकाणचे शिलालेख वाचले. याच भगवानलालांनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, आत दगडी पेटी आणि पेटीच्या पोटात एकात एक बसवलेले करंडक निघाले, तिथेच अशोकाच्या लेखाचा तुकडाही मिळाला. ते वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, खरंच येतो. पण त्या सगळ्या कामात माती म्हणजे मधे येणारा अडथळा, ती बाजूला करायची आणि आतली वस्तू काढायची. आणि दगड, अक्षरं एवढ्यावरच भिस्त असल्यामुळे महाराष्ट्राचा इतिहास अशोक, सातवाहन इथूनच चालू व्हायचा. त्याच्या आधी काय, तर दंडकारण्य. जंगल. माणसं असतील-नसतील. आमच्या गावाबाहेरचं टेकाड तेव्हाही तिथेच होतं आणि बायका पाट्या भरून नेतच होत्या, पण त्या टेकाडाला काही विचारायचं असतं हे कुणाच्या मनात आलेलं नव्हतं.

ते आलं हसमुख सांकलियांमुळे, असं माझं मत झालंय. मुंबईत वाढलेला हा गुजराती माणूस, लंडनला पीएचडीला गेला आणि तिथे असताना मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाच्या, इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या जुन्या किल्ल्यावरच्या खोदकामावर काम करून आला. व्हीलरचा सगळा भर थरांवर. चौकोनी खड्डे घ्यायचे, मधे मातीच्या उभ्या भिंती राखायच्या, आणि त्या भिंतींवर थर वाचायचे, कुठला आधी कुठला नंतर, कुठल्या थरातून काय निघालं याची नोंद त्याच दिवशी. १९३४ ला बंद पडलेलं पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं तेव्हा सांकलिया तिथे आले, त्याच वर्षी इरावती कर्वेही आल्या. पुढे व्हीलर स्वतः १९४४ मध्ये भारतात पुरातत्त्व खात्याचा प्रमुख होऊन आला आणि तक्षशिलेला मुलांना शिकवायला लागला, म्हणजे तीच थरांची भाषा सरकारी खात्यातही रुजली. पण सांकलियांचं मला जास्त भावतं ते त्यांचं चालणं. गोदावरीच्या, प्रवरेच्या काठाने हिंडून त्यांनी नदीच्या गाळातली दगडी हत्यारं गोळा केली. भव्य असं काही समोर नव्हतंच. आपल्याकडे हडप्पासारख्या पक्क्या विटांच्या नगरांचे ढिगारे नाहीत, कुडाची, मातीची घरं, ती पडली की मातीत माती. अशा ठिकाणी खापरांवरूनच बोलायचं असतं आणि खापरं बोलतात ती फक्त आपल्या थरात असताना.

१९५० च्या हिवाळ्यात संगमनेरजवळ जोर्व्याला खोदकाम झालं, सांकलिया आणि शां. भा. देव यांनी केलेलं, आणि तिथे ही तांबूस, काळ्या नक्षीची, टणटणीत आवाजाची खापरं तांब्याच्या कुऱ्हाडींबरोबर मिळाली. लांब तोटीची भांडी, मधे कोन काढलेले वाडगे. त्या छोट्याशा गावाचं नाव त्या भांड्यांना लागलं, मग त्या भांड्यांवरून पूर्ण संस्कृतीला लागलं. महाराष्ट्रातली शेती करणारी, गुरं पाळणारी, तांबं वापरणारी गावं इसवी सनाच्या हजार-दीड हजार वर्षं आधीपर्यंत मागं गेली ती या खापरांमुळे. दंडकारण्यात चुली पेटत होत्या! मला हे वाचून आनंद झाला आणि त्याच क्षणी टेबलावरच्या खापराकडे बघून पोटात कालवाकालवही झाली, कारण असली किती खापरं आमच्या गावाने पाट्यांतून वाहून छपरांवर नेली असतील त्याचा हिशेब कुणी करायचा.

आणि कुणाच्या डोक्यावर ते फोडायचं? पाऊस तर दर वर्षी यायचाच.

आमचे एक चुलत आजोबा होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. नाना तरुणपणी नेवाश्याच्या खोदकामावर मजूर होते, लाडमोडच्या टेकाडावर, हे १९५५ च्या आसपासचं. लहानपणी आम्हाला नेवासं म्हणजे ज्ञानोबांनी टेकलेला पैसाचा खांब एवढंच माहीत, आणि नाना मधेच म्हणायचे, मी ज्ञानोबांच्याही खाली दोन पुरुष गेलोय. तेव्हा ते बोलणं कळायचं नाही. आता कळतं. वर मुसलमानी अमदानीतली वस्ती, तिच्याखाली सातवाहनांची, तिच्याखाली जोर्वे, आणि शेजारी प्रवरेच्या गाळात अश्मयुगाची हत्यारं, एवढं सगळं एकाच गावाच्या हद्दीत. त्या उत्खननाच्या रिपोर्टाचं नावच मुळी इतिहासाकडून प्रागैतिहासाकडे अशा अर्थाचं आहे, कारण खणणारा माणूस उलट्या दिशेने जातो. नाना सांगायचे, आधी मोठी कुदळ, मग छोटी, मग सुरी, मग ब्रश. थर बदलला की साहेबाला दिसायच्या आधी कुदळीला कळतं, माती वेगळी बोलते. भुसभुशीत आली की खड्डा, कडक आली की जमीन, घरातली चोपलेली जमीन, तिथे हात थांबवायचा. ते सांगताना त्यांचा उजवा हात हवेत कुदळ धरल्यासारखा थांबायचा. हे ज्ञान कुठल्या रिपोर्टात त्यांच्या नावाने छापलं गेलं नाही, पण ते थर जे शाबूत राहिले, ते असे हात वेळेवर थांबल्यामुळेच राहिले, असं मला मनापासून वाटतं.

नेवाश्यात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आतला धागा शिल्लक होता, तांब्याच्या गंजाने तो जपला होता. तपासला तर कापूस आणि रेशीम निघालं. म्हणजे कुणीतरी हा धागा कातला, मणी एकेक करून ओवले, पोराच्या गळ्यात घातले, आणि पोर गेल्यावर ते काढून घेतले नाहीत. एवढं आपण सांगू शकतो कारण माळ त्या गळ्यातच होती. तीच माळ एखाद्या पाटीत येऊन माळवदावर गेली असती तर चार हिरवे मणी, बस.

मग इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे काम चाललं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या. माझ्या मते या विषयाचं वळण इथे बदललं. कुठलं भांडं कुठल्या काळाचं एवढ्यावर न थांबता लोक काय खात होते, पाणी कुठून आणत होते, कोण कुणाशेजारी राहत होतं, असं विचारायला लागले. पूर्ण गाव उलगडायचं ठरवलं. जळालेले दाणे वेचणारा वेगळा माणूस, जनावरांची हाडं बघणारा वेगळा, नदीचा गाळ वाचणारा वेगळा, माणसांचे सांगाडे तपासणारे वेगळे, आणि मुंबईत टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कोळशाच्या तुकड्यावरून काळ मोजायची सोय साठच्या दशकातच झालेली होती. शंभरावर घरं निघाली. जव पिकवत होते. पाण्यासाठी पाट काढलेला होता. चौकोनी प्रशस्त घरं इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे छोट्या गोल झोपड्या होत जातात, शेती कमी होते, शिकार वाढते, पाऊस दगा देत गेला असावा, आणि ७०० च्या सुमाराला गाव उठतं. हे वाचताना मला १९७२ च्या दुष्काळाच्या आजीच्या गोष्टी आठवत होत्या, खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाल्लेल्या, आणि त्या झोपड्यांमधल्या बायका मला लांबच्या वाटेनात.

इनामगावची सगळ्यात आत जाऊन बसलेली गोष्ट मात्र पोरांची. लहान मूल गेलं की दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, त्यांच्या पोटात त्याला ठेवायचे आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचे. लांब कुठे नाही. आई जिथे स्वयंपाक करणार, झोपणार, तिथेच. मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याच्या वरून तोडलेले आढळतात, जाणकार म्हणतात की गेलेलं माणूस चालत दुसरीकडे जाऊ नये म्हणून. मी या दोन गोष्टी एकाच रात्री वाचल्या. उठून पाणी प्यायले. गेलेलं माणूस घरातच राहावं ही तीन हजार वर्षांपूर्वीची तळमळ, आणि आपण ते घरच पाटीत भरून नेलं, चांगल्या मनाने नेलं, आपलीही पोरं पावसात भिजू नयेत म्हणून नेलं. यात चूक कुणाची हे मला अजून ठरवता येत नाही.

थर गेला की काय होतं याचं सर्वात मोठं उदाहरण आमच्याच प्रवरेवर आहे, दायमाबाद. १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना चार ब्रॉंझच्या मूर्ती मिळाल्या, बैलगाडीसारखा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. सगळं मिळून साठ किलोच्या वर. असं काम आपल्याकडे दुसरं नाही, त्या रथातल्या माणसाचा ताठ कणा आणि बैलांचे लांबट देह एकदा बघितले की विसरत नाहीत. आणि तरीही त्यांचा काळ कुठला यावर जाणकारांचं एकमत नाही. कुणी सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाशी जोडतं, कुणी धातूतलं आर्सेनिक दाखवून शंका घेतं. कारण त्या नोंद केलेल्या खड्ड्यातून, थरातून आल्या नाहीत, मुळांतून आल्या. नंतर तिथे काही वर्षं खणलं, वस्तीचे थर एकावर एक नीट लावले, पण निघून आलेली वस्तू परत आपल्या जागी बसत नाही. साठ किलोच्या ब्रॉंझची ही गत, तर माझ्या तळहाताएवढ्या खापराचं काय.

हे सगळं मी मागच्या महिन्यात आत्याला सांगत होते. आत्या ब्याऐंशी वर्षांची, पाडलेल्या घरात जन्मलेली, आता माझ्या चुलतभावाकडे पलीकडच्या आळीत असते. खापर तिच्या हातात दिलं. तिने ते लुगड्याला पुसलं, रेघांवरून अंगठा फिरवला आणि एकदम म्हणाली, "ही चांगली माती हाय. ही खालची." मी म्हटलं खालची म्हणजे? तर तिचं म्हणणं असं की पांढरीची वरची माती कुणी घ्यायचं नाही, ती भुसभुशीत, पावसात धुऊन जाते. आई म्हणजे माझी आजी म्हसोबाच्या बाजूने आडवं खणायची, वरची काढून टाकायची, मग कमरेएवढं खाली गेलं की चिकण पांढरी लागायची, ती घ्यायची. "आन तिच्या खाली राख. राख लागली की थांबायचं. राखंच्या खाली हाडं निघत्यात, मडक्यात बारकी हाडं. तिथं आई हात लावू द्यायची न्हाई. माती लोटून नमस्कार करून यायचो."

मी तिच्याकडे बघत राहिले.

म्हणजे आजीला थर माहीत होते. कुठला घ्यायचा, कुठला सोडायचा, कुठे हात थांबवायचा. मडक्यातली बारकी हाडं तिने बघितली होती आणि परत झाकली होती. मी तिथनंच ताईंना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांचा आवाज बदलला, घाईघाईने विचारायला लागल्या, टेकाड अजून शिल्लक आहे का, म्हसोबा कुठल्या दिशेला, राखेचा थर सलग होता की मधेमधे, हाडं एका मडक्यात की दोन, माळवदावर शेवटची माती कोणत्या वर्षी टाकली. मी एकेक विचारत गेले आणि पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेले. टेकाड अर्धं आहे, उरलेल्यावर ऊस आहे. म्हसोबा मावळतीला. शेवटची माती आत्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या आधी, म्हणजे १९६८ चा उन्हाळा. मडकी दोन, तोंडाला तोंड, हे ती न विचारताच बोलली, दोन्ही मुठी एकमेकींना लावून दाखवत. फोनवर ताई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, लिहून ठेवा, सगळं तारखेसकट लिहून ठेवा, खापराबरोबर ठेवा. आणि कमरेएवढं म्हणजे नक्की किती ते विचारा.

मी आत्याला विचारलं. ती बाजेवरून उठली, चौकटीला धरून सरळ उभी राहिली, हात कमरेवर ठेवून म्हणाली, "एवढं." मी भिंतीला टेप लावला. तेवढ्यात तिने माझा हात धरला, "थांब. आई माझ्याहून बुटकी व्हती," आणि डोळे बारीक करून, समोर कुणी उभं असल्यासारखं बघत, हात चार बोटं खाली घेतला.